टिंबानंतरचं नाव

यंदा कापूस लवकर फुटला. मानवतहून पाथरीकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची रानं पांढरी झाली आहेत. कापसाचे टेम्पो इतके भरून जातात, की रस्त्याकडेच्या बाभळी त्यातला थोडा थोडा ओरबाडून घेतात आणि त्यांच्या काट्यांवर पांढरे पुंजके लोंबत राहतात. सकाळी दव असतं. दव सुकेपर्यंत वेचणीला हात लावायचा नसतो, म्हणून बाया कमरेला झोळ्या बांधून बांधावर बसलेल्या असतात, आणि त्यांचं बोलणं वाऱ्याबरोबर माझ्या खिडकीपर्यंत येतं.

"लय गार सुटलंय आज."

"पोरगी काय करायलीय तुझी?"

"शिकायलीय की परभणीला."

हे ऐकत काम करायला मला आवडतं. पण मधूनच कुठल्यातरी रानातून फवारणीचा वास येतो. तिखट, थोडा गोडसर, घशात जाऊन बसणारा. तो आला की माझे हात कीबोर्डवर थांबतात. काही वर्षांपूर्वीचा असाच एक हंगाम माझ्यासमोर उभा राहतो. तो अख्खा हंगाम मी आणि माझी एक मैत्रीण एका नावावरून भांडत होतो, आणि ज्यांच्यासाठी भांडत होतो त्या बाया पाठीवर पंप घेऊन आमच्या डोळ्यांदेखत रानात जात होत्या.

त्याच्या आदल्या वर्षी काकाच्या पाठीत भरलं होतं, म्हणून सिंधूकाकूनंच पंप उचलला. सिंधूकाकू माझी सख्खी चुलती, आमच्या भिंतीला तिची भिंत. बोंडअळी पडली होती आणि फवारणी पुढं ढकलण्यासारखी नव्हती. भर उन्हात फवारताना तिला गरगरायला लागलं. रानात ती एकटी. औषधाच्या दुकानात एका मदतवाहिनीचा नंबर लावलेला होता. तो फिरवायचा, अडचण बोलायची, की पलीकडून यंत्र बाईच्या आवाजात उत्तर देतं. पाऊसपाण्याचं विचारायला काकू तो अधूनमधून लावायची. तिनं तोच लावला आणि म्हणाली, "मला चक्कर यायलीय. मळमळायलंय."

यंत्रानं 'यायलीय'मधलं 'यायला' तेवढं उचललं. त्याला वाटलं, बाईला कुठंतरी यायचं आहे. त्यानं गोड आवाजात तिला कार्यालयाची वेळ सांगितली.

काकूनं पुन्हा सांगितलं. यंत्रानं पुन्हा वेळ सांगितली.

शेजारच्या रानातल्या गड्याला ती बांधावर आडवी दिसली म्हणून वाचली. मानवतच्या दवाखान्याकडं जाताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडातून लाळ गळत होती, पापण्या फडफडत होत्या, अंगावरच्या कपड्यांतून तो वास येत होता आणि जीपच्या सगळ्या खिडक्या उघड्या असूनही जात नव्हता. दुसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली तेव्हा पहिलं काय म्हणाली, तर, "मी त्या बाईला सांगायलते गं. तिला कळंना."

मी एका पुण्याच्या कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम गावात बसून करते. मीटिंगमध्ये मी 'करत आहे' म्हणते. आवाज बंद केला आणि आईनं आतून हाक मारली, की 'करायलेय की' म्हणते. दोन्हींच्या मध्ये एका बटणाचं अंतर आहे आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की काकूकडे ते बटण नाही.

शबाना माझी नांदेडच्या कॉलेजातली मैत्रीण. पाथरीत कम्प्युटरचे क्लास घेते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती मिळेल त्या जीपनं निघून आली. काकूजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "हे तर आपल्याला जमण्यासारखं हाय. 'यायलीय' म्हंजे 'येत आहे', एवढंच सांगायचंय ना त्या यंत्राला?"

एवढंच नव्हतं. पण सुरुवात तिथून झाली. पुढचा पावसाळा आणि त्यानंतरचा काही काळ आम्ही दोघी बोलणं गोळा करत होतो. बांधावर, पाणवठ्यावर, पाथरीच्या बाजारात. करायलाय, जायलतो, दुखायलंय, हाय, न्हाई, लय. शबानानं तिच्या गल्लीतली मराठी आणली, तकलीफ आणि फिकीर असलेली. "माझी अम्मी पण तो नंबर लावती," ती म्हणाली, "तिचंपण कळाया पायजे." बोलीतलं वाक्य आत घ्यायचं आणि त्याचा अर्थ यंत्राला लावून द्यायचा, असा एक तुकडा आम्ही लिहिला. आमच्या धंद्यात त्याला मॉड्यूल म्हणतात. तो उघड्यावर ठेवायचा, कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, सुधारावा, हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. कापूस पुन्हा फुटायला लागला तेव्हा तो तयार होता. फक्त त्याला नाव नव्हतं.

अशा मॉड्यूलला नुसतं एकटं नाव चालत नाही. जगात ती इतकी आहेत, की नावावर नाव पडतं. म्हणून आधी मोठ्या घराचं नाव, मग टिंब, मग त्याच्या शाखेचं, पुन्हा टिंब, मग स्वतःचं. या सगळ्या पत्त्याला नेमस्पेस म्हणतात. तो एकदा जाहीर झाला, की इतरांचे प्रोग्राम त्याच पत्त्यावर येऊन हाक मारायला लागतात. नंतर बदलला तर त्या सगळ्यांचं काम बंद पडतं. म्हणून तो बदलत नाहीत.

मराठीसाठी असं सगळं उघड्यावर ठेवणारा एक मोठा प्रकल्प होता. ती मदतवाहिनीही त्याच्याच जोरावर चालायची. अनिरुद्ध नावाचे एक पुण्याचे गृहस्थ आपली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता तो प्रकल्प बघायचे. आमचं काम पाहून त्यांचं लगेच उत्तर आलं. फार चांगलं काम आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आपण हे 'मराठी.दुरुस्ती' या शाखेत घेऊ, म्हणजे पुढच्या आवृत्तीत लगेच जाईल आणि मदतवाहिनीलाही मिळेल.

मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून टाकला. दुरुस्तीच्या शाखेत काय काय असतं ते मला माहीत होतं. चुकलेले ऱ्हस्वदीर्घ. टाइप करताना घसरलेली बोटं. दोनदा पडलेला शब्द.

"काकू चुकीचं बोलली नव्हती," मी शबानाला म्हणाले.

"मला काय सांगायलीस? मला म्हाईत न्हाई का?" शबाना म्हणाली. "पण ते नाव कोडमधे आत राहणार. कोण बगणार हाय ते? काकूला थोडंच दिसणार हाय?"

"मला दिसेल."

"मग तुझं नाव सापडंस्तोवर गावातली फवारणी थांबव."

फवारणी थांबणार नव्हती. त्या दिवसांत मी खिडकीशी बसून काम करायचे आणि सगळं लक्ष पंपाच्या आवाजाकडे असायचं. पाठीवरच्या पंपाचा दांडा वरखाली होताना एक खटखट येते. ती चालू असली की ठीक. मध्येच थांबली, की मी उठून उभी राहायचे. बाई पाणी प्यायला थांबली असेल, पदर सारखा करत असेल, हे कळत असूनही खटखट पुन्हा सुरू होईपर्यंत खाली बसता यायचं नाही. एरवी कापसाचा हंगाम मला आवडतो. वेचून आलेल्या बायांच्या केसांत कापसाचे तंतू असतात, घरात एका खोलीत ढीग पडतो, त्यावर लहान पोरं लोळतात, आणि त्या ढिगाला उन्हाचा एक उबदार वास असतो. त्या वर्षी मला यातलं काही दिसलं नाही. दिसल्या त्या बायांच्या पाठी.

शेवटी मी हार मानली. अनिरुद्ध यांना होकार कळवला. त्यांनी आधी चाचणीपुरती एक आवृत्ती माझ्या फोनवर पाठवली. नव्या मदतवाहिनीत असणार होतं तसंच त्यात बोललेलं पडद्यावर दिसायचं आणि खाली उत्तर यायचं.

शबाना आली होती. काकू दारात पोत्यावर बसून कापसातला पाचोळा वेचून काढत होती. वर्षभरात ती बरी झाली होती, फक्त बोटांना अजून बारीक कंप होता. मी फोन तिच्यापुढं धरला. "बोल की काकू, तवा त्या बाईला काय सांगायलतीस ते."

काकू लाजली, मग बोलली. "चक्कर यायलीय. हात थरथरायलेत."

पडद्यावर तिचं वाक्य उमटलं. मग त्याच्यावरून लाल रेघ गेली, आणि खाली हिरव्या अक्षरांत दुसरं आलं : चक्कर येत आहे. हात थरथरत आहेत. पाठोपाठ आवाज आला. फवारणी ताबडतोब थांबवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा, दवाखान्यात जा. सगळं बरोबर. यंत्राला कळलं होतं. मी शबानाकडं पाहिलं, पण ती काकूकडं बघत होती.

काकू चौथीपर्यंत शिकली आहे. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "हे कामून खोडलंय?"

"ते तसंच असतंय काकू. यंत्राचा नियम हाय."

"माझं चुकलं व्हय?"

"न्हाई."

"मग खोडलंय कामून?"

मी म्हटलं, ते जाऊ दे, अजून एकदा बोल. तिनं हात पदराला पुसले. मग शाळेत उभं राहून धडा वाचावा तशा आवाजात, एकेक शब्द लावत म्हणाली, "मला, चक्कर, येत..." आणि थांबली. पुढचा शब्द तिला मिळेना. तिनं फोन शबानाच्या हातात दिला. "तूच बोल माय. मला शुद्ध येत न्हाई."

आणि ती पुन्हा पाचोळा वेचायला लागली.

रस्त्यावर जीपची वाट बघत आम्ही उभ्या होतो तेव्हा शबाना म्हणाली, "हे न्हाई चालणार."

मला तिचा राग आला. खरोखरचा. "चालणार न्हाई म्हंजे? कळलं ना त्याला? आता कळायलंय तर तू नको म्हणायलीस? नाव कोण बगणार हाय, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणले होते. नाव न्हाईच बगितलं तिनं. पण नावामुळं ती रेघ आली. दुरुस्तीत जे जातं त्याला ते खोडतंच. ती शाखाच तशी बांधलीय." तिचा आवाज खाली आला. "प्रणिता, चक्कर आल्यावर काकू शुद्ध शब्द हुडकत बसंल. न्हाईतर फोनच लावणार न्हाई. मंग कळून काय उपयोग?"

जीप आली. आतल्या माणसांनी सरकून तिच्यासाठी जागा केली. ती चढली नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेला. कॉलेजपासूनच्या मैत्रीत आम्ही इतक्या दूर कधी उभ्या नव्हतो, आणि विचित्र हे, की दोघी एकमेकींच्या जुन्या जागेवर येऊन उभ्या होतो. भीतीनं मला तिथं नेलं होतं. मला जीपमधली लाळ आठवत होती, आणि त्या आठवणीपुढं एखाद्या लाल रेघेची मला पर्वा नव्हती.

अनिरुद्ध यांच्याशी बोलायचं ठरलं. गच्चीवर रेंज बरी असते, म्हणून फोन कठड्यावर ठेवून आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. ऊन उतरत होतं. खाली काकूच्या पलीकडच्या रानात कुणीतरी फवारत होतं. खटखट, खटखट.

शबानानं काकूचं सगळं सांगितलं. अनिरुद्ध यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती लाल रेघ मी काढून टाकतो. त्याला वेळ लागणार नाही. ही माझीच चूक, मला सुचायला हवं होतं."

मी लगेच म्हणाले, "बास, मग झालंच की."

"आणि त्यांचं मूळ वाक्य?" शबानानं विचारलं. "ते राहील का?"

अनिरुद्ध म्हणाले, "नाही. दुरुस्ती झाली की मूळ वाक्य पुसलं जातं. त्या शाखेची रचनाच तशी आहे. चुकीचं जपून काय करायचं, असा तेव्हा विचार होता."

म्हणजे काकू बोलली होती याची कुठं खूणही उरणार नव्हती. उद्या डॉक्टरनं विचारलं, बाई नेमकं काय म्हणाली, तर तिनं कधीच न उच्चारलेलं वाक्य त्याच्यापुढं येणार होतं.

"सर, नवी शाखा उघडा," शबाना म्हणाली. "मराठी, टिंब, बोली."

"उघडता येईल. पण खरं सांगतो, त्या शाखेत तुमचं एकटंच मॉड्यूल असेल. एकासाठी शाखा उघडली तर बाकीचे मला जाब विचारतील, आणि त्यांची चूकही नसेल. शिवाय सगळी रचना नव्यानं करायची तर ही आवृत्ती हुकेल. पुढची थेट उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात. म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर, रानं नांगरून झाल्यावर. हा सगळा हंगाम यंत्र तसंच बहिरं राहणार.

शबानानं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते. "तू सांग," ती म्हणाली. "काकू तुझी हाय. तू जे म्हणशील ते मी मानीन, नंतर एक शब्द बोलणार न्हाई."

त्याच वेळी खालची खटखट थांबली. मी उठले. कठड्यावरून बघितलं तर एक बाई पंप खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी होती. तोंड पलीकडं होतं. मला तिचा चेहरा दिसेना. फोनमधून अनिरुद्ध 'हॅलो, ऐकू येतंय ना?' विचारत होते. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. तिला आत्ता काही झालं तर ती काय बोलेल, हे मला अक्षरन्अक्षर माहीत होतं. ते खोडून टाकायला मीच सही करणार होते. आणि नाही केली तर ते ऐकायलाच कुणी नसणार होतं. दोन्हींकडं सारखीच भीती होती. मग बाईनं पंप उचलून पाठीवर घेतला.

"बोली," मी म्हणाले. "उन्हाळ्यात तर उन्हाळ्यात."

अनिरुद्ध म्हणाले, "ठीक आहे. मी बाकीच्यांशी भांडतो. पण बोलीच्या पुढं टिंब देऊन तुमचं नाव लागेल. मराठवाडी?"

"नको," शबाना म्हणाली. "बीड-लातूरचं बोलणं आमी कुठं ऐकलंय? जेवढं ऐकलं तेवढंच नाव घ्यायचं. परभणी."

"जिल्ह्यांचं काही खरं नसतं. उद्या हद्द बदलली तर? हिंगोली तुमच्यातूनच निघाली ना?"

"हिंगोलीलापण चालंल की," शबाना म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मला हसू आलं नाही.

मराठी.बोली.परभणी. नाव ठरलं, आणि त्यानंतरचे आठवडे सगळ्यांत वाईट गेले. आम्ही दोघींनी आमचे नंबर आसपासच्या बायांना देऊन ठेवले. काही झालं तर त्या यंत्राला नको, आम्हाला लावा. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. बहुतेक वेळा कंपनीतून असायचा. एकदा मात्र रस्त्यापलीकडच्या रानातून आला. "पोरी, अंधारायलंय गं डोळ्यापुढं." मी चप्पल न घालता धावले. पऱ्हाटीची वाळलेली बोंडं पायाला टोचत होती. बाई झाडाखाली बसली होती. उपाशीपोटी उन्हात राबल्यानं घेरी आली होती, एवढंच. तिला पाणी पाजलं, जवळची भाकरी खायला लावली, आणि मग मीच तिच्या शेजारी मातीत बसून रडले. तीच माझी समजूत काढत होती.

आमच्या गावात त्या हंगामात कुणाला काही झालं नाही. पण गाव म्हणजे जिल्हा नाही. सोनपेठकडं, गोदावरीच्या कडेच्या एखाद्या रानात त्या दिवसांत कुणी तो नंबर लावला असेल का, आणि यंत्रानं तिला कार्यालयाची वेळ सांगितली असेल का, हे मला कळायला मार्ग नाही. फवारणीचा वास आला की माझे हात थांबतात ते यासाठी. एका शब्दासाठी आम्ही एक हंगाम दिला. तो आमचा नव्हता, त्या बायांचा होता, आणि त्यांना आम्ही विचारलं नव्हतं. निवड बरोबर होती असं मला आज वाटतं. पण ते वाटणं निवांत नाही. त्याच्याखाली पाणी हलत असतं.

उन्हाळ्यात मॉड्यूल जाहीर झालं. मदतवाहिनीनं ते घेतलं. आता बोललेलं जसंच्या तसं पडद्यावर राहतं, त्याला कुणी हात लावत नाही, आणि उत्तर येतं. कुणी ढोल वाजवले नाहीत. बायांना काही बदलल्याचं कळलंही नसेल, त्या आपल्या बोलतात.

अनिरुद्ध म्हणाले होते ते मात्र खरं ठरलं. बोलीच्या शाखेत आम्ही एकट्याच राहिलो. वर्ष गेलं, दुसरं गेलं, शेजारी कुणी आलं नाही. प्रकल्पात मध्येच कुणीतरी विषय काढायचं, की एकाच मॉड्यूलसाठी वेगळी शाखा कशाला सांभाळायची, ती मोडून दुरुस्तीत घालून टाकू. दरवेळी अनिरुद्ध दोन ओळी लिहून तो विषय थोपवायचे. दरवेळी त्या ओळी मागच्यापेक्षा थकलेल्या वाटायच्या. गेल्या महिन्यात त्यांनी आम्हाला वेगळं लिहिलं, या खेपेला मला जमेल असं वाटत नाही, तयारी ठेवा. शबानाला मी ते दाखवलं.

परवा दुपारी मी खिडकीशी बसले होते. बाहेर वेचणी चालू होती. एका अनोळखी मुलीचा निरोप आला. चंद्रपूरच्या पलीकडची, झाडीबोली बोलणारी. आरोग्यसेविकांच्या फोनसाठी तिनं एक मॉड्यूल लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं, आमचं बोलणं तुमच्यापेक्षा अगदी वेगळं आहे, पण मला ते दुरुस्तीत टाकायचं नाही. तुमच्या बोलीच्या शाखेत शेजारी जागा मिळेल का?

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग तसंच शबानाला पाठवलं. ती क्लासवर असणार, लगेच बघणार नाही, असं मला वाटलं होतं. पण तिचं उत्तर लगोलग आलं.

"तिला सांग, ये म्हणावं. आमी सरकतोय."